सबूत मागणारे काझी सर

काझी सरांच्या लॅबचं दार वाजवलं की आतून आवाज येतो, "कोण?" त्यात काही विशेष नाही. आपण नाव सांगतो. मग आतून पुन्हा आवाज येतो, "हे तू म्हणतेस. सबूत?"

पहिल्या वर्षाला असताना या प्रश्नावर मी दाराबाहेर रडकुंडीला आले होते. मी अश्विनी आहे, याचा माझ्याकडं काय सबूत असणार? मी ओळखपत्र काढून दाराच्या फटीतून आत सरकवलं. ते तसंच फटीतून परत आलं.

"हे झेरॉक्सच्या दुकानातबी बनतं. काल तासाला मला काय विचारलंस ते सांग."

मी काल काहीच विचारलं नव्हतं. मी तासाला कधीच काही विचारत नसे. घाबरत घाबरत तसं सांगितलं, तशी कडी निघाली.

"बरोबर. तू नुसतीच लिहून घेतेस. ये आत. आणि उद्यापासून काहीतरी विचारत जा बेटा, म्हंजी ओळखायला सोपं जाईल."

सर आम्हाला सायबर सुरक्षा शिकवतात. आमचं कॉलेज पैठण रस्त्याला, चितेगावच्या थोडं पुढं आहे. सर शहरातून, उस्मानपुऱ्यातून येतात. उंच, बारीक, पांढरी दाढी, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यांचं बोलणं अगदी मऊ. "शक घ्यायचा, पण अदबीनं," हे त्यांचं लाडकं वाक्य. हे वाक्य आमच्या लॅबच्या भिंतीवर, प्रयोगशाळेच्या नियमांच्याही वर लावलेलं आहे.

हा शक सगळ्यांवर सारखाच. एकदा खुद्द प्राचार्यांनी दार वाजवलं.

"काझी, मी आहे. प्राचार्य."

"आवाज तर तोच वाटतोय, सर. पण आवाजाचं काय खरं? मागच्या मिटिंगला माझी कोणती मागणी नामंजूर केली होती?"

"सगळ्याच केल्या होत्या!"

"या सर, या," म्हणत सरांनी दार उघडून खुर्ची पुसली.

फाटकासमोरच्या चहावाल्यानं तर सरांना पाहिलं की स्वतःचा क्यूआर कोड हातानं झाकायला सुरुवात केली होती. कारण खऱ्या कोडवर कुणी दुसरा कोड चिकटवलाय का, हे सर नखानं खरवडून बघत. आठवड्याभरात त्याच्या कोडचा एक कोपरा निघाला आणि पैसे जायचे बंद झाले. सर म्हणाले, "बघा, लई सुरक्षित झाला."

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुणी बघू नये म्हणून सर त्यावर टिकली लावतात. स्वतःच्या, कॉलेजच्या, आमच्या, सगळ्यांच्याच. त्या टिकल्या ते औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून आणतात. मी एकदा त्यांच्याबरोबर केबल आणायला गेले होते, तेव्हा हा प्रसंग डोळ्यांनी पाहिला. पांढऱ्या दाढीचे सर काउंटरवर वाकून टिकल्यांची पाकिटं उलटसुलट करत होते. दुकानदारानं अदबीनं विचारलं, "भाभींना कोणता रंग चालंल?"

"भाभी नाहीत. लॅपटॉपला पाहिजे. चमकीवाली नको, उजेड आत जातो."

भाभी खरंच नाहीत. सरांनी लग्न केलेलं नाही. आमच्या वर्गातली मुलं म्हणतात, स्थळं खूप आली, पण कुणालाच सबूत देता आला नाही. ही थट्टा सरांच्या कानावर गेली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अफवा आहे. उगम तपासा."

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय विचारायचं नसतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मोठ्यांनी मागितलं की द्यायचं, मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं, एवढंच मला माहीत. पहिल्याच चाचणीत सरांनी सगळ्यांना कोरा कागद दिला आणि म्हणाले, "यावर आपापला पासवर्ड लिहा. दहा मार्कं आहेत." मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली रेघही मारली. ज्यांनी लिहिला त्यांना शून्य मिळालं. माझा कागद परत देताना सर हळू आवाजात म्हणाले, "बेटा, मोठी माणसं मागतात म्हणून द्यायचं नसतं. मी मागितलं तरी."

मला ते त्या दिवशी पटलं नाही. सरांवर शक घ्यायचा? सरांच्याच तासाला?

सरांची आणखी एक सवय होती, आणि तिचा अर्थ मात्र आम्हाला लागत नव्हता. दुपारच्या सुट्टीत ते डबा घेऊन लॅबमागच्या कडुलिंबाखाली बसत आणि एक फोन लावत. पलीकडचं बोलणं ऐकू यायचं नाही. सरांचं मात्र खिडकीतून कानावर पडायचं, आणि ते असं असायचं:

"उजवा. व्हय, उजवाच कान. कुत्र्यानं चावला होता."

दुसऱ्या दिवशी, "निळी टोपी. नाय, हिरवी बशीरची होती."

एकदा तर, "चिंचेवरनं पडलो होतो. नाय, रडलो नव्हतो. बरं, रडलो होतो."

सगळ्या जगाकडं सबूत मागणारा हा माणूस इथं कुणाला तरी रोज सबूत देत होता. मुलांचा तर्क असा की सर एखादी नवी यंत्रणा तपासत असतील. मलाही तसंच वाटलं.

मी शेवटच्या वर्षाला आले आणि केंद्र सरकारच्या एका खात्यानं सायबर सुरक्षेच्या संशोधनाला आणि शिक्षणाला अनुदान देण्याची योजना काढली. सरांनी प्रस्ताव करायला घेतला. नवी लॅब, एक अभ्यासक्रम, आवाजाची नक्कल करून होणाऱ्या फसवणुकीवर संशोधन, आणि शेवटी एक वेगळाच भाग: आजूबाजूच्या खेड्यांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना शिकवायचं. इतर प्राध्यापक म्हणाले, हा भाग काढा, त्यानं मार्क कमी होतील. सर म्हणाले, "बाकी सगळं काढतो. हे राहू द्या."

प्रस्ताव टाइप करायचं काम माझ्याकडं होतं. त्यातच एका विद्यार्थी सहायकाची जागा होती. पुढचं शिक्षण, त्याची फी आणि दरमहा विद्यावेतन. सरांनी माझ्यासमोर ते कलम वाचलं आणि विचारलं, "ही जागा कोण घेईल, काय वाटतं?" मी म्हणाले, "कुणी हुशार असंल ते." सर म्हणाले, "हुशार लई आहेत. तू घे."

घरी मी ते दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. मामांनी चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामासाठी माझ्याबद्दल शब्द टाकून ठेवला होता. पुढच्या महिन्यापासून जायचं होतं. दादा म्हणाले, "सरकारचं पत्र आलं तर शिक. नाय आलं तर मामाला नाही म्हणू नको. त्यानं शब्द टाकलाय." दादांचं काही चुकत नव्हतं. माझ्यामागं अजून दोघांची शिक्षणं आहेत. म्हणून मी रोज सरांना विचारायची, "सर, काही आलं का?" आणि सर म्हणायचे, "नाय. नुसते चोरांचे फोन येतायत."

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी सर वर्गात आले ते खुशीत. "आज तुम्हाला एक अस्सल नमुना ऐकवतो. मलाच आला होता गेल्या आठवड्यात. मी रेकॉर्ड केला. कसा बोलतो बघा."

त्यांनी फोन स्पीकरला लावला.

"हॅलो, प्रोफेसर काझी? मैं दिल्ली से नेगी बोल रहा हूँ. आपके ग्रँट के प्रपोजल के बारे में."

"माशाअल्ला. दिल्ली से. आगे?"

"सर, काग़ज़ों में एक दिक्कत है. कॉलेज के रजिस्ट्रेशन में शहर औरंगाबाद लिखा है, और फॉर्म में छत्रपति संभाजीनगर. आप ज़रा बता दीजिए, आप हैं कौन-से शहर में?"

सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. "ऐकलं? अनुदान द्यायला निघालाय आणि आपण कोणत्या गावात आहोत हे त्याला ठाऊक नाय! असतंय का असं सरकार?" वर्ग हसला. रेकॉर्डिंग पुढं सुरू झालं.

"बेटा," सरांचा मऊ आवाज आला, "आवाज अच्छा है आपका. ज़बान भी साफ है. ये धंधा छोड दो. हमारे यहाँ दाखिला ले लो, फीस का मैं प्रिन्सिपल साहब से बोलूँगा."

"सर, मैं अवर सचिव हूँ."

"माँ को मालूम है, आप क्या काम करते हो?"

"सर, माँ ने ही तो परीक्षा दिलवाई थी!"

मुलांनी बाकं वाजवली. रेकॉर्डिंगमधल्या बिचाऱ्यानं कागद चाळले. मग म्हणाला, "देखिए सर, प्रिन्सिपल साहब का एक पत्र भेज दीजिए कि दोनों शहर एक ही हैं. महीना ख़त्म होने से पहले मिल जाए, बस. अभी तो लंच हो गया. कल छुट्टी है, परसों मैं मीटिंग में हूँ. आप आराम से भेजिए. नमस्कार."

"बघा," सर म्हणाले, "शेवटपर्यंत खेळ सोडला नाय. पण मीबी अदब सोडली नाय."

सगळे हसत होते. मला मात्र हसू येईना. मी हात वर केला. तासाला आपणहून हात वर करायची माझी ती पहिलीच वेळ असावी, कारण सर क्षणभर माझ्या मागच्या बाकाकडं बघू लागले, हात दुसऱ्या कुणाचा तर नाही ना म्हणून.

"सर, तुम्ही शिकवलंय की फसवणाऱ्याची खूण म्हणजे घाई, भीती आणि लालूच."

"व्हय."

"हा माणूस... म्हणजे माझं चुकत असंल सर... पण हा आरामात पाठवा म्हणतोय."

"तोच सापळा."

मी खाली बसणार होते. पण पुन्हा उभी राहिले. "सर, आणि तो लंच झाला म्हणतोय. आमच्या दादांना एकदा असा फोन आला होता. त्या माणसानं दादांना ताटावरनं उठवलं, पण फोन ठेवू दिला नाही. फसवणारा माणूस जेवायसाठी फोन ठेवत नाही सर. एवढं गिऱ्हाईक हातात असताना जेवायला कोण उठंल?"

मागून कुणीतरी बोललं, "सरकारच उठंल!"

वर्गात असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातून मॅडम डोकावल्या. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मग त्या रेकॉर्डिंगचा शेवट पुन्हा लावला. "अभी तो लंच हो गया." पुन्हा लावला. "कल छुट्टी है."

"सबूत पक्का आहे," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "खरंच सरकार आहे."

पुढची पळापळ मी विसरणार नाही. सरांनी तो नंबर ब्लॉक केलेला होता. त्या खात्याची पत्रं नको असलेल्या मेलच्या कप्प्यात पडलेली होती, आणि ती तिथं सरांनीच स्वतःच्या हातानं टाकलेली होती. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, आज कार्यालय बंद होईपर्यंत उत्तर आलं नाही तर प्रस्ताव रद्द समजला जाईल. मला चितेगावच्या कंपनीचं फाटक डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

"सर, त्या नंबरला फोन लावू या," मी म्हणाले.

"नाय."

"सर!"

"नंबर मेलमधला आहे. मेल खरा आहे हे अजून कुठं ठरलंय? आता घाई केली की फसलो. आधी सरकारी साइटवरनं खात्याच्या टेलिफोन एक्सचेंजचा नंबर काढ."

मला तेव्हा त्यांचा मनापासून राग आला. पण मी नंबर काढला. एक्सचेंजनं आम्हाला आधी उपाहारगृहात जोडलं. तिथल्या माणसानं बगिचा विभागात दिलं. बगिचा विभागातल्या गृहस्थांना आमचं सगळं पटलं, पण त्यांच्याकडं फक्त कुंड्या होत्या. सर प्रत्येकाला अदबीनं "आप कौन साहब?" विचारत होते आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. शेवटी एकदाचा तो ओळखीचा आवाज आला.

"नेगी."

"साहब, मैं प्रोफेसर काझी."

मग नेगी साहेब म्हणाले, "अच्छा? आप प्रोफेसर काझी ही हैं, यह मैं कैसे मान लूँ?"

सरांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्या घाईतही त्यांचा चेहरा उजळला होता. "सबूत मागतोय," ते कुजबुजले. "चांगला माणूस आहे."

नेगी साहेबांनी व्हिडिओवर यायला सांगितलं. सरांनी लॅपटॉप उघडला आणि आम्ही दोघंही थबकलो. कॅमेऱ्यावर टिकली होती. ती कित्येक वर्षांत कुणी काढलेली नव्हती. मी नखानं काढली तर टिकली निघाली, पण डिंक तसाच राहिला. पलीकडून आवाज आला, "सर, आपके यहाँ कोहरा है क्या?" मी ओढणीच्या टोकाला पाणी लावून काच पुसली, तेव्हा कुठं सरांची दाढी दिसायला लागली.

सरांनी ओळखपत्र दाखवलं. नेगी साहेब सरांना मुलगा शोभतील एवढे तरुण दिसत होते, टेबलावर डबा. त्यांनी पत्राचं पुन्हा समजावून सांगितलं. मग फाइल चाळता चाळता म्हणाले, "एक बात और पूछूँ? बाकी सब तो ठीक है. ये बुज़ुर्गों को पढ़ाने वाला हिस्सा क्यों? कमेटी में भी किसी ने पूछा था."

मला वाटलं, सर प्रस्तावातलं छापील उत्तर देतील. मीच टाइप केलं होतं ते. पण सरांनी हातातलं ओळखपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले,

"साहब, मेरी माँ गाँव में अकेली रहती है. उसको एक लडके का फोन आया. बोला, अम्मी, मैं बोल रहा हूँ, मुसीबत में हूँ. उसने मान लिया. जो था, सब भेज दिया."

"अरे. बहुत अफ़सोस हुआ."

"पैसे का गम नहीं, साहब. उसने मान लिया, क्योंकि मेरा फोन सिर्फ ईद को जाता था. मेरी आवाज़ उसे ठीक से याद ही नहीं थी. अब रोज़ करता हूँ. रोज़ वो एक सवाल पूछती है, मैं जवाब देता हूँ, तब बात करती है."

उजवा कान. निळी टोपी. चिंचेचं झाड. मी ओढणीचं ओलं टोक हातात धरून तशीच उभी राहिले. सर आपली आई कुठं असते हे आम्हाला कधी बोलले नव्हते. ते गाव पैठणच्या अलीकडंच आहे, आमच्या कॉलेजच्या फाटकातून एसटीत बसलं की तासाभराच्या आत पोचता येईल असं. सर तिथं जात नसत. त्यांचं त्यांनीच नंतर सांगितलं, "फोनवर तोंड दाखवावं लागत नाय."

नेगी साहेब एवढंच म्हणाले, "पत्र आज भेज दीजिए सर. मैं बैठा हूँ."

आम्ही प्राचार्यांच्या केबिनकडं धावलो. सरांनी दार वाजवलं. "सर, मी काझी!"

आतून आवाज आला, "हे तुम्ही म्हणता. सबूत?"

प्राचार्यांनी इतक्या दिवसांचं उट्टं काढायला नेमका हाच दिवस निवडला होता. सर धापा टाकत म्हणाले, "माझ्या सगळ्या मागण्या तुम्ही नामंजूर केल्या आहेत!"

"या, या," प्राचार्य म्हणाले, आणि ही एक मागणी मात्र त्यांनी उभ्या उभ्या मंजूर केली. दोन्ही शहरं एकच आहेत असं एका वाक्यात लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पत्र गेलं. थोड्या वेळानं नेगी साहेबांचं उत्तर आलं, "प्राप्त हुआ." तो दिवस तिथं संपला. पण मंजुरी यायची बाकी होती. मी मामांना म्हणाले, थोडं थांबता येईल का. मामा म्हणाले, कंपनीवाले किती थांबतील माहीत नाही, पण विचारतो.

मंजुरी आली ती एका साध्या दुपारी. मी लॅबमध्ये संगणक पुसत होते आणि सर स्क्रीनकडं बघून म्हणाले, "अश्विनी, काहीतरी आलंय. खोटंबी असू शकतं."

ही बातमी अर्ध्या तासात सगळ्या विभागात पसरली. शिपाई गायकवाड मामा पेढे घेऊन आले. पण सरांनी पेढ्याला हात लावू दिला नाही. त्यांनी पत्रावरची डिजिटल सही तपासली, पोर्टलवर जाऊन पाहिलं, एक्सचेंजला फोन लावून नेगी साहेबांना विचारलं. आम्ही सगळे पेढ्याच्या खोक्याभोवती उभे. गायकवाड मामा म्हणाले, "सर, पेढा तरी खरा आहे, खाऊ का?" शेवटी सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "खरं आहे. खा."

मंजुरीत म्हाताऱ्यांचा भाग तसाच होता. सहायकाची जागाही तशीच होती. मी बाहेर जाऊन दादांना फोन केला. दादा म्हणाले, "पत्र आलं?" मी म्हणाले, "आलं." दादा म्हणाले, "सरांनी नीट बघितलं का?" मी म्हणाले, "लई नीट बघितलं." मग दादा म्हणाले, "मग मामाला मी सांगतो. तू काही बोलू नको," आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी पायरीवरच बसले. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं झालं.

परत आले तर सर कडुलिंबाखाली होते. मला बघून त्यांनी हातानं बोलावलं. "ये. आज तूबी ऐक. अम्मीला सांगायला मला हिंमत लागतीय." त्यांनी फोन स्पीकरला लावला.

"कौन बोलरा?" एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"अम्मी, मैं मुनीर. अम्मी, सरकारनं पैसे मंजूर केले."

"सरकार? पैसे?" अम्मी एकदम सावध झाल्या. "मेरा बच्चा बोला मेरेकू, सरकार पैसा देती बोलके जो बोलता ना, वो चोर रहता. फोन रख!"

"अम्मी, मीच बोललो होतो तसं. मीच तो बच्चा!"

"तू बोलतोस. सबूत?"

मी तोंडावर हात दाबला. सरांनी माझ्याकडं बघितलं, लाजल्यासारखे हसले. "विचार," ते म्हणाले.

"मुर्गी की पेटी में बैठके कौन छुपा था, स्कूल नक्को बोलके?"

"मी. पिसं नाकात गेली आणि शिंकलो. तूच शोधलंस."

पलीकडं अम्मी हसल्या. आवाज मऊ झाला. "बोल बेटा. सच्ची दिए क्या पैसे?"

"सच्ची. तपासलं मी. पहिला वर्ग तुझ्याच गावात घेणार. तुझ्याच ओट्यावर. तू बसायचं पुढं."

"मैं तो शिकली रे सब. दुसऱ्यांना शिकव." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "घर कू कब आता?"

कडुलिंबाचं एक पान सरांच्या डब्यात पडलं, ते त्यांनी काढलं नाही. मला तिथून उठावंसं वाटलं, पण उठता येईना. मग सर म्हणाले, "आज येतो अम्मी. आताच निघतो."

मग अम्मींचा आवाज आला, पहिल्यासारखाच खणखणीत आणि थंड.

"मेरा मुनीर कब्बीच ऐसा नै बोलता. वो बोलता, देखता हूँ अम्मी. चोर बोलता, आज आता." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

सर फोनकडं बघत राहिले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. पण त्यांनी डब्याचं झाकण लावलं, रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "एकदम बरोबर. शंभर मार्क." मग उठले. "हा सबूत आता फोनवर देता यायचा नाय."

रोज संध्याकाळी सर फाटकातून निघून रस्ता ओलांडतात आणि शहराकडं जाणाऱ्या बाजूला उभे राहतात. त्या दिवशी ते पेढ्यांचं खोकं घेऊन अलीकडच्याच बाजूला, पैठणच्या एसटीची वाट बघत उभे राहिले. चहावाल्यानं सवयीनं क्यूआर कोडवर हात ठेवला. सरांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. एसटी आली, तशी त्यांनी हात केला आणि पाटी न वाचताच आत चढले.

मीच धावत जाऊन पाटी वाचली. पैठणचीच होती.